सयामचा झुंजार मासा

शोभेचे मासे विकणाऱ्या कोणत्याही दुकानांत शिरलें, तर मोठ्या टाक्यांच्या शेजारीं एका फळीवर ओळीनें मांडलेल्या लहान लहान बरण्या दिसतात. प्रत्येक बरणींत एकच मासा असतो. बोटाएवढें शरीर, त्याच्या मागें रेशमी पदरासारखे पसरलेले निळे, तांबडे किंवा जांभळे पर, आणि दोन बरण्यांच्या मध्यें उभा केलेला एक पुठ्ठा. हा पुठ्ठा काढला कीं शेजारचे दोन मासे कल्ल्यांचीं झांकणें फुलवून एकमेकांच्या अंगावर धांवतात आणि कांचेवर तोंडें आपटतात. गिऱ्हाइकाबरोबर मुलें असलीं, तर दुकानदार हा खेळ हटकून करून दाखवितो. मुलांचा हट्ट तेथेंच सुरू होतो. आणि 'याला मोठें भांडें नको, यंत्र नको, फारसें कांहीं करावें लागत नाहीं,' या आश्वासनावर तो पुरविलाही जातो. मासा पिशवींतून घरीं येतो, खिडकीजवळच्या एखाद्या गोल कांचपात्रांत पडतो, आणि पुष्कळदां दोनतीन महिन्यांत मरतो. नीट सांभाळलेला मासा दोनतीन वर्षें, क्वचित् चार वर्षेंही जगतो. या दोन मुदतींमध्यें एवढें अंतर कां पडतें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

मुंबईपुण्याच्या बाजारांत या माशाला 'फायटर' म्हणतात. 'बेट्टा' हें त्याच्या शास्त्रीय नांवांतील पद. सयामी भाषेंत त्याला 'प्लाकाट' म्हणजे चावणारा मासा असें नांव आहे. भाताच्या शेतांतून हे मासे पकडावयाचे, दोन नरांना एका भांड्यांत सोडावयाचें, आणि आधीं कोण हटतो यावर पैज लावावयाची, हा त्या देशांतील जुना छंद. झुंजींच्या परवान्यांपासून तेथील सरकारला उत्पन्नही होत असे. सयामच्या राजानें दिलेले कांहीं मासे १८४० च्या सुमारास थिओडोर कॅंटर या डॅनिश डॉक्टरांच्या हातीं आले. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत होते, आणि त्यांनीं केलेलें वर्णन १८४९ मध्यें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापलें गेलें. शास्त्राच्या जगांत हा मासा हिंदुस्थानच्या वाटेनें आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. कॅंटर यांनीं त्याची गणना जवळच्याच एका निराळ्या जातींत केली होती. ती चूक इंग्रज शास्त्रज्ञ टेट रीगन यांनीं १९१० मध्यें दुरुस्त केली व 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हें नांव दिलें. स्प्लेंडेन्स म्हणजे झळकणारा. १९३९ मध्यें सयामचें नांव थायलंड झालें. तरी इंग्रजींत या माशाला चिकटलेलें 'सयामी' हें विशेषण सुटलें नाहीं. २०१९ मध्यें थायलंडच्या सरकारनें त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

मात्र रानांतील मूळचा मासा पाहून कोणी हट्ट धरील असें वाटत नाहीं. तो मातकट, हिरवटसर रंगाचा व आखूड परांचा असतो. बाजारांतील लांब पर आणि भडक रंग ही माणसानें पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीची कमाई होय. लांब परांचा बोजा वागवितां वागवितां मासा लवकर थकतो, ही त्या कमाईची दुसरी बाजू. दुकानांत तिचा उल्लेख होत नाहीं.

आतां त्याच्या श्वासाकडे वळावयाचें, कारण सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. माशानें हवा घेणें ही गोष्ट महाराष्ट्रांत अगदींच अपरिचित नाहीं. मरळ जातीचा मासा पाण्याबाहेर काढल्यावरही बराच वेळ जिवंत राहतो, हें मंडईंत जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. झुंजार मासा त्या मरळीचा दूरचा नातलग. त्याच्या डोक्यांत, कल्ल्यांच्या वरच्या अंगास, एक पोकळी असून तींत पातळ पापुद्र्यांची गुंतागुंतीची घडी असते, आणि त्या पापुद्र्यांवर रक्तवाहिन्यांचें दाट जाळें पसरलेलें असतें. तिच्या वळणावळणांच्या रचनेमुळें शास्त्रज्ञांनीं या इंद्रियाला भुलभुलैयाचें नांव दिलें आहे. मासा थोड्या थोड्या वेळानें वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा एक घोट घेतो, आणि तो घोट या पोकळींत सांठवून पुनः खालीं जातो. भातखाचरांचें पाणी उथळ, उन्हानें तापलेलें व कुजत्या पानांनीं भरलेलें असतें. त्यांत प्राणवायु फार थोडा. इतर मासे जेथें गुदमरतील तेथें हा तग धरतो, तो या देणगीच्या बळावर.

हीच देणगी त्याला घरांत भोंवली आहे. ज्या बरणींत दुसरा कोणताही मासा संध्याकाळपर्यंत मरून पडला असता, तींत हा आठवडे काढतो. आणि तो मरत नाहीं यावरून तो सुखी आहे असें अनुमान काढलें जातें. दुकानदारांचा एक ठरलेला युक्तिवाद असा, कीं मायदेशीं हा मासा गुराच्या खुरानें पडलेल्या खळग्यांतही राहतो. उन्हाळ्यांत शेत आटलें म्हणजे कांहीं मासे अशा खळग्यांत अडकतात, हें असंभवनीय नाहीं. परंतु दुष्काळांत माणूस कंदमुळें खाऊन दिवस काढतो, म्हणून कंदमुळें हें कांहीं त्याचें नेहमींचें जेवण ठरत नाहीं. भाताचें शेत उथळ असलें तरी बिघ्यांनीं पसरलेलें असतें; त्यांत वनस्पति असतात, पाणी पाझरत असतें, पाऊस पडत असतो. बरणींत यांपैकीं कांहींच नाहीं. हवेंतून प्राणवायु मिळाला, तरी मासा राहतो पाण्यांतच, आणि पाण्यांत साचलेल्या विषाला भुलभुलैयापाशीं उतारा नाहीं.

तें विष कोणतें, हें गृहस्थानें व विशेषतः गृहिणीनें समजून घेण्यासारखें आहे. कारण तें डोळ्यांना दिसत नाहीं. खाल्लेल्या अन्नांतील पौष्टिक द्रव्याचा जो निकामी अंश उरतो, तो मासा अमोनियाच्या रूपानें मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यांत टाकीत असतो. विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजूनही अमोनियाच होतो. नदींत किंवा तळ्यांत त्याचा लवलेशही जाणवत नाहीं. दोन लिटर पाण्याच्या पात्रांत मात्र तो थोड्याच दिवसांत इतका साचतो, कीं कल्ल्यांचे नाजुक पदर त्यानें भाजून निघतात. पाणी निवळशंख दिसतें, खालीं रंगीत खडे चमकतात, आणि मासा तळाशीं पर मिटून बसून राहतो. 'हा मासा फार शांत आहे,' असें घरचीं माणसें पाहुण्यांना कौतुकानें सांगतात. पुढें परांच्या कडा काळवंडतात, फाटतात. मग कोणाला तरी शंका येऊन पात्र रिकामें केलें जातें, खडे साबणानें घांसले जातात, आणि नळाचें थंड पाणी भरून मासा त्यांत सोडला जातो. साबणाचा अंश, पाण्यांतील क्लोरीन आणि एकदम बदललेली उष्णता हे तीन आघात एका वेळीं त्याच्यावर होतात. दुसऱ्या दिवशीं तो पालथा तरंगत असतो.

यानंतर अनेक घरांत जें घडतें, तें विज्ञानाच्या कक्षेंतलें नाहीं. 'घरावर येणारें संकट त्यानें आपल्या अंगावर घेतलें,' असें कोणी वडील माणूस म्हणतें. सर्वांचें समाधान होतें. आणि पुढच्या रविवारीं त्याच पात्रांत दुसरा मासा येतो. हिंदुस्थानांतील पुष्कळ शहरांत ही समजूत दृढ आहे, आणि वास्तूच्या शुभाशुभाच्या हल्लींच्या चर्चेनें तिला पाणीच घातलें आहे. हिच्या मुळाशीं दुष्टपणा नाहीं. उलट मुलाच्या रडण्यावर फुंकर घालण्याची माया आहे. परंतु या समजुतीनें माशाच्या मरणाचें कारण शोधण्याची गरजच उरत नाहीं, आणि एकामागून एक मासे त्याच पाण्यांत जातात. ज्या घरांत चार महिन्यांत तीन मासे गेले, तेथें संकट घरावर नव्हतें, पात्रांत होतें. मुलाला हें सरळ सांगितलें तर तें अधिक दुःखी होईल असें थोडेंच आहे? पाणी कशानें बिघडलें हें कळलेलें मूल पुढच्या माशाचें पाणी स्वतः सांभाळूं लागतें.

निसर्गानें या विषावर उपाय ठेवला आहे, आणि तो यंत्रांत नसून जंतूंत आहे. कांहीं जातींचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात; तेंही विषारीच. दुसऱ्या जातींचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात, व तें पुष्कळ सौम्य असतें. हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. वाळूवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजावर चिकटून राहतात. त्यांची वस्ती नीट बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जाणता माणूस आधीं पेटी आणतो, ती पाण्यानें भरून फिल्टर चालू करतो, रोज माशाच्या खाद्याची चिमूट टाकून या अदृश्य पाहुण्यांना पोसतो, आणि महिना दीड महिन्यानें मासा आणावयास जातो. पाण्यांत अमोनिया व नायट्राइट उरलें आहे कीं नाहीं, हें थेंब टाकून रंगावरून पाहण्याच्या कुप्या दुकानांत मिळतात. एवढा धीर मुलांना धरवेल काय, असा प्रश्न निघेल. मुलांपेक्षां वडील माणसांनाच तो धरवत नाहीं, असा अनुभव आहे. वर सांगितलेल्या साबणाच्या धुलाईंत या जंतूंचाच संहार होतो. तेव्हां स्पंज धुवावयाचा झाला, तरी तो पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत हलकेच पिळावा.

पेटी केवढी असावी? सोळा इंच लांब, दहा इंच रुंद व दहा इंच उंच अशी कांचेची पेटी आठ इंचांपर्यंत भरली, तर सुमारें वीस लिटर पाणी मावतें. एका माशाला तेवढें शोभतें. उंच नळकांड्यापेक्षां पसरट पेटी बरी, कारण त्याला वारंवार वर यावें लागतें. वर झांकण हवेंच. हा मासा उडी मारतो, आणि सकाळीं तो फरशीवर वाळलेला सांपडतो. झांकण व पाणी यांच्यामध्यें दोन इंच मोकळी जागा सोडावी, म्हणजे श्वासापुरती उबदार हवा तेथें राहते. फिल्टर साध्या स्पंजाचा व मंद चालणारा असावा. जोराच्या प्रवाहांत लांब परांचा मासा वाऱ्यांत सांपडलेल्या छत्रीसारखा हेलपाटतो. आठवड्यांतून एकदां चौथा हिस्सा पाणी काढून तितकेंच नवें घालावें. नळाचें पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवलें कीं त्यांतील क्लोरीन बहुतेक उडून जातो. घाई असेल तर क्लोरीन मारणारे थेंब मिळतात, आणि त्यांतील द्रव्य पुष्कळदां तेंच असतें जें फोटोग्राफर मंडळी 'हायपो' म्हणून वापरीत आलीं आहेत. नव्या पाण्याची ऊब हात घालून जुन्या पाण्याशीं ताडून पाहावी.

उबेचा प्रश्न गांवागणिक निराळा. या माशाला २५ ते २८ अंश सेल्सिअसचें पाणी मानवतें. मुंबई, ठाणें, रत्नागिरी येथें वर्षांतील बहुतेक दिवस आपोआप तसें असतें. पुणें, नाशिक, नागपूर येथें हिंवाळ्यांतील रात्रींचें थंड पाणी त्याला सोसत नाहीं. मासा सुस्त होतो, खात नाहीं, आणि त्याला बुरशी धरते. तेथें लहानसा विजेचा हीटर व कांचेला लावावयाचा तापमापक यांवर खर्च करावा. उलट एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या खिडकींत ठेवलेलें पात्र दुपारीं काढ्यासारखें तापतें. पाणी जितकें कमी, तितकें तें लवकर तापतें व लवकर निवतें; वीस लिटरांचा आग्रह याही कारणासाठीं आहे.

पेटींत थोडी झाडी असावी. जावा फर्न, जावा मॉस या वनस्पति फार उजेडावांचून वाढतात. प्लॅस्टिकचीं झाडें विकत घेतलींच, तर त्यांच्यावरून आधीं रेशमी कापडाचा तुकडा फिरवून पाहावा; धागा अडकला तर परही फाटणार. परदेशांत १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत फुलदाणींत हा मासा व वर एक झाड बसवून विकण्याची टूम निघाली होती. मासा झाडाचीं मुळें खाऊन राहतो, असें गिऱ्हाइकांना सांगितलें जाई. हा मासा मांसाहारी असून किडे व अळ्या हें त्याचें अन्न आहे. मुळें त्यानें कुरतडलींच, तर तीं भुकेनें.

खाद्याच्या बाबतींत आपल्या लोकांचें चुकतें तें प्रेमामुळें. भात, पोळीचा तुकडा, पाव, शेव यांतलें कांहींही त्याच्या उपयोगाचें नाहीं. त्याचें तोंड किंचित् वर वळलेलें असतें, तें पृष्ठभागावरील किडे टिपण्यासाठीं. डांसांच्या अळ्या त्याला पक्वान्नासारख्या. मात्र त्या गटारांतल्या नसाव्यात. एरवीं मांसाहारी माशांसाठीं केलेले बारीक दाणे सकाळसंध्याकाळ तीन-चार पुरतात. चार दाणे पाहून कोणाही आजीला माशाची कींव येईल. पण त्याचें पोट लहान असतें, आणि घरांतील सहा माणसांनीं एकमेकांस न विचारतां चिमूट चिमूट टाकली, तर पोट फुगून तो तिरपा पोहूं लागतो व उरलेलें खाद्य पाणी नासवितें. खाऊं घालण्याचें काम एकाच व्यक्तीकडे असावें. चारपांच दिवस गांवाला जावयाचें झाल्यास धडधाकट माशाला उपाशी ठेवणें हें शेजाऱ्यांच्या हातीं डबा देण्यापेक्षां पुष्कळ सुरक्षित.

तो एकटा आहे म्हणून वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. दोन नर एकत्र ठेवणें म्हणजे त्यांतील एकाचा जीव घेणें. आणि सोबत म्हणून सोडलेली मादीही अनेकदां जखमी होते. नराला आपला प्रदेश हवा असतो, सोबती नको असतो. त्याच्यासमोर आरसा धरून त्याला फुलवावयाचा खेळ एखादा मिनिट ठीक. घटकाभर चालला तर तो दमून जातो, कारण आरशांतला शत्रु कधींच माघार घेत नाहीं.

तरीही या झुंजाराच्या स्वभावाची दुसरी बाजू पाहावयास मिळते, ती निरोगी माशाच्या पेटींत. एखाद्या सकाळीं पाण्यावर एका कोपऱ्यांत बारीक बुडबुड्यांचा पुंजका दिसतो. पुष्कळ गृहिणी तो मळ समजून पुसून टाकतात. तें त्यानें बांधलेलें घरटें असतें. हवा व लाळ यांचा एक एक बुडबुडा तोंडानें सोडून तो तें रचतो. जोडी जमल्यावर मादीचीं अंडीं तळाकडे पडूं लागतात, तेव्हां नर तीं तोंडानें टिपून या घरट्यांत चिकटवितो, आणि मग मादीलाही जवळ फिरकूं देत नाहीं. अंडीं दीड-दोन दिवसांत फुटतात. खालीं घसरणारें पिलू पुनः पुनः उचलून वर ठेवणें, फुटलेला बुडबुडा दुरुस्त करणें, हें काम तो पिलें पोहूं लागेपर्यंत अहोरात्र करतो. आरशांतील स्वतःच्या छायेवर तुटून पडणारा तोच हा प्राणी! तथापि घरांत पैदास करण्याच्या फंदांत कोणी पडूं नये. एका खेपेस शेंकडों पिलें होतात, आणि तीं मोठीं झालीं कीं प्रत्येक नराला वेगळें भांडें लागतें. वेगळ्या भांड्यांची ती ओळ म्हणजेच दुकानांतली फळी.

मासा आजारी दिसला, तर औषधाच्या बाटलीआधीं पाण्याकडे पाहावें. पर कुजणें हा त्याचा नेहमींचा रोग. सुरुवातीस तो बहुधा स्वच्छ, उबदार पाण्यानेंच थांबतो, आणि गेलेला पर हळूहळू पुनः येतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले, तर मात्र तो परोपजीवी जंतूंचा रोग होय, आणि त्यावर वेळींच औषध करावें लागतें. मासा नकोसा झाला म्हणून विहिरींत, तळ्यांत किंवा नदींत सोडणें हें पुण्यकर्म नव्हे. तेथें एक तर तो मरतो, किंवा जगला तर तेथल्या माशांना नवा प्रतिस्पर्धी होतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील पाणथळींत असें झालेलें आहे.

दुकानांत येतो तेव्हांच नर बहुधा कांहीं महिन्यांचा असतो, म्हणून घरांतील त्याचें दुसरें वर्ष संपतां संपतां म्हातारपण दिसूं लागतें. रंग फिका पडतो, पाठीला किंचित् बांक येतो, दाणा समोरून गेला तरी तो चुकतो. अशा वेळीं पाण्याची पातळी चारपांच इंचांवर आणावी, म्हणजे हवेचा घोट घेण्यासाठीं त्याला फार चढावें लागत नाहीं. पाणी कमी केल्यावर तें थोडथोडें, पण अधिक वेळां बदलावें. दाणा भिजवून मऊ करून त्याच्या तोंडाजवळ सोडावा. पृष्ठभागापासून बोटभर खालीं एक रुंद पान राहील अशी व्यवस्था करावी. म्हातारा मासा त्या पानावर तासन् तास पडून राहतो, आणि अधून मधून केवळ मान उंचावल्यासारखा वर येऊन श्वास घेतो.